किडनीचा आजार आणि आतड्याचं अस्तर : आधी काय, मग काय

किडनीचा रिपोर्ट हातात पडला की पहिली कुऱ्हाड ताटावर पडते. भाकरी बंद, डाळ बंद, पालेभाजी बंद, फळ बंद. उरतो पांढरा भात, पातळ वरण आणि उकडलेला दुधी. दोन-तीन महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) तिथंच असतं, पण पोट चार-चार दिवस साफ होत नाही, तोंडाची चव गेलेली असते आणि रात्री अंगाला खाज सुटते. मग कुणीतरी मेडिकलमधून पोट साफ करायची बाटली आणतं. ती बऱ्याचदा नेमकी किडनीच्या पेशंटला न चालणारी निघते.

पथ्य नको, असा याचा अर्थ नाही. चुकतो तो क्रम. आतड्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि किडनी साफ करू शकत नाही त्यातली बरीच घाण आतड्यातच तयार होते. हे मार्गदर्शन किडनी आजाराच्या तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या आणि डायलिसिसवरच्या पेशंटच्या घरच्यांसाठी आहे. किडनी बदललेल्या पेशंटनी यातलं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आतड्यात नेमकं काय बिघडतं

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. या पेशी शेजारच्या पेशींना प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. टाके घट्ट असले की आतली घाण आतच राहते. किडनीच्या आजारात ते चार बाजूंनी सैल होतात.

रक्तात साठलेलं युरिया आतड्यात झिरपतं, तिथले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि अमोनिया टाके उसवतो. ताटातून कोंडा, साल, कडधान्य गेलं की जिवाणूंना फायबर मिळत नाही. फायबर आंबवून ते जे ब्युटिरेट तयार करतात, त्यावर अस्तराच्या पेशी जगतात. त्यांचीही उपासमार होते. मल आतड्यात रेंगाळला की जिवाणू उरलेल्या प्रथिनांवर तुटून पडतात. त्यातून इंडोल आणि पी-क्रेसॉल निघतं आणि यकृतातून जाऊन त्याचं इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होतं. ही दोन्ही रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतात, म्हणून डायलिसिसमध्येही नीट निघत नाहीत. चौथी बाजू पाण्याची. अंगात पाणी साठलं की आतड्याची भिंतही सुजते, आणि डायलिसिसवर बीपी एकदम पडलं की आतड्याचा रक्तपुरवठा आटतो.

फायबर वाढवल्यावर यातली काही विषं रक्तात कमी होतात, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून गेलेली किडनी परत येते, असं मात्र नाही. तसं सांगून कुणी काही विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

१. तयारी : ताजे रिपोर्ट आणि सात दिवसांची वही

जेवणात काहीही बदलायच्या आधी महिन्याभरातले हे आकडे हाताशी हवेत : क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), पोटॅशियम, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार), फॉस्फरस, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन. डायबेटिस असेल तर साखरेचे रिपोर्टही.

पोटॅशियमच्या आकड्याबद्दल थोडं थांबून. जत, आटपाडी, माण, खटाव अशा भागात गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात आणि नमुना दुपारच्या गाडीने सांगली, मिरज किंवा साताऱ्याला जातो. उन्हात, हेलकावे खात, तासन् तास पडून राहिलेल्या नमुन्यात रक्तपेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. दंड घट्ट बांधून मूठ खूप वेळ आवळ-सोड केली तरी तेच होतं. आकडा ५.५ च्या आसपास असेल आणि पेशंट ठीक असेल, तर डॉक्टरांना सांगून मशीन जागेवरच असलेल्या लॅबमध्ये पुन्हा तपासा, मग भाज्या बंद करायचं ठरवा.

सावध : आकडा ६ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा पायात अचानक अशक्तपणा, छातीत धडधड, नाडी मंद असं काही असेल, तर दुसऱ्या लॅबचा विचार नको. थेट दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.

आता वही. सात दिवस रोज पाच गोष्टी लिहा : शौचाला किती वेळा झालं, कसं झालं (सुटे खडे, गाठाळ, भेगा पडलेलं, गुळगुळीत मऊ, पातळ), किती कुंथावं लागलं, दिवसभरात किती पाणी-चहा-ताक पोटात गेलं, आणि सकाळी उपाशीपोटी वजन. हे विचारायला घरच्यांना संकोच वाटतो आणि सांगायला पेशंटला. म्हणून वही बाथरूमच्या दाराशीच दोरीने टांगा आणि पेशंटला स्वतःच खूण करू द्या.

तपासा : आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होत असेल, किंवा बहुतेक दिवस खडे होत असतील, तर बद्धकोष्ठता आहे. "रोज थोडं थोडं होतंय" असं सांगणाऱ्यांतही ती असते.

२. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

जेवणाला हात लावायच्या आधी हे करायचं. बऱ्याच घरांत पोटाचं निम्मं दुखणं या पिशवीतच सापडतं.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांपैकी लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या आणि पोटॅशियम उतरवायची पावडर ही चारही मल घट्ट करतात. त्या बंद करायच्या नाहीत. त्यांच्यामुळे पोट बांधलं जातंय एवढं डॉक्टरांना सांगायचं. लोह सलाइनमधून देता येतं. फॉस्फरसची गोळी बदलता येते. पोटॅशियमची पावडर आणि इतर गोळ्या यांत निदान तीन तासांचं अंतर ठेवा. पावडर घेत असताना पोट गच्च झालं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी फोन करा, कारण आतड्यात अडकून राहिलेली पावडर भिंतीला इजा करू शकते.

फॉस्फरसची गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. तासाभराने घेतली तर ती फॉस्फरसला भेटतच नाही, फक्त पोट बांधते.

दुसरी वाटणी आपणहून आणलेल्या औषधांची. गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या (डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड आणि त्यांच्या जोडगोळ्या) किडनीला मारतात तशाच आतड्याच्या अस्तरालाही जखमा करतात. ऊसतोडीच्या हंगामात कंबरेसाठी घेतलेली "एक लाल, एक पांढरी" हीच असते. दुखलं तर काय घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बहुधा ते पॅरासिटामॉलच देतील.

अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून गरज आहे का, ते विचारा. पोटातलं आम्ल सतत दाबलेलं असलं की आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बदलतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा अल्सर होऊन गेला असेल तर मात्र तिची गरज असू शकते, म्हणून आपल्या मनाने बंद नको. सर्दीला स्वतःच आणलेली अँटिबायोटिक तर सरळ कचऱ्यात. काढे, भस्मं, "किडनी साफ" चूर्णं बाजूला काढून डॉक्टरांना दाखवा, कारण काहींत शिसं-पाऱ्यासारखे जड धातू सापडतात.

सावध : बायकार्बोनेट कमी आहे म्हणून लिहून दिलेल्या सोडामिंटच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळीच्या जागी घरातला खायचा सोडा चिमटीने घेऊ नका. मात्रा कळत नाही आणि सोडियम वाढतं. रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर गोळी लागेल का, हे विचारून घ्या.

३. आधी पोट मोकळं, मग फायबर

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. पाच दिवस शौचाला झालेलं नाही आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रात्री दोन चमचे इसबगोल. आत आधीच खडे दाटलेले, त्यामागे फुगलेला लगदा. पोट दुप्पट फुगतं. रस्ता बंद असताना मागून भर घालायची नसते.

चालणारी औषधं, डॉक्टरांना विचारून : लॅक्टुलोज (नेहमीची सुरुवात रात्री १५ मिली, मग लागेल तसं कमी-जास्त) किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साधी पावडर (१७ ग्रॅम, ग्लासभर पाण्यात). लॅक्टुलोजने पहिले तीन-चार दिवस गॅस होतो, मग बसतो. पाण्यावर मर्यादा असलेल्यांना लॅक्टुलोज सोयीचं, कारण मात्रा छोटी असते. एखाद्या दिवशी अडलंच तर बिसाकोडिल चालतं, रोजची सवय नको.

न चालणारी :

- मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि ते मिसळलेली पांढरी-गुलाबी औषधं. लेबलवर "मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड" दिसलं की परत करा. बिघडलेली किडनी मॅग्नेशियम पुरतं बाहेर टाकत नाही.
- फॉस्फेटचा एनिमा. एका वेळच्या वापरानेही किडनीला इजा झाल्याचं माहीत आहे.
- महिन्याचं एरंडेल. एका दिवसात पाणी आणि क्षार निघून जातात, बीपी पडतं, किडनी आणखी दबते.
- रात्री भिजवलेल्या मनुका आणि त्यांचं पाणी. तासगावकडे बेदाणा घरचाच, म्हणून हा उपाय फार. १०० ग्रॅम बेदाण्यात सुमारे ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि भिजवल्यावर त्यातलं बरंचसं त्या पाण्यातच उतरतं. पेशंटला पाजतात ते नेमकं पाणी.

बसण्याची पद्धतही बघा. कमोडवर बसत असतील तर पायाखाली वीतभर उंच पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही. सकाळच्या चहानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आतड्याला आपोआप चालना मिळते. ती वेळ रोज रिकामी ठेवा, मोबाइल बाहेर.

सावध : कित्येक दिवस घट्ट असलेलं पोट अचानक "पातळ" झालं, थोडं थोडं पाणी कपड्यांना लागतंय, पोट मात्र टणक. हे जुलाब नव्हेत. आत अडकलेल्या खड्याच्या कडेने पाणी झिरपतंय. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर आतडं पूर्ण बंद पडतं. दवाखान्यात दाखवून खडा काढून घ्या.

तपासा : सलग चार-पाच दिवस रोज एकदा, फार न कुंथता, आकार धरलेलं मऊ शौच होतंय का? होत असेल तरच पुढची पायरी. किडनी बिघडल्यावर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकण्याचा काही भार मोठं आतडं उचलतं, त्यामुळे निव्वळ पोट साफ झाल्यानेही पोटॅशियमचा आकडा थोडा खाली येऊ शकतो.

४. फायबर : भाकरीपासून सुरुवात, आठवड्याआठवड्याने बदल

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम फायबर पुरतं. भात-वरणावर आलेल्या पेशंटच्या पोटात जेमतेम आठ-दहा ग्रॅम जातं. तिथून एकदम तिसावर उडी मारली की पोट फुगतं, पेशंट वैतागतो आणि सगळंच सुटतं. आठवड्याला चार-पाच ग्रॅमने वाढवा.

पहिला आठवडा. दुपारच्या भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ६ ग्रॅम फायबर, ६ ग्रॅम प्रथिनं आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात फायबर दीड-दोन ग्रॅम. ज्वारीत फॉस्फरस जास्त दिसतो म्हणून ती बंद करायला सांगतात, पण धान्यातला फॉस्फरस बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि आतडं तो निम्माच शोषतं. बाटलीबंद कोला, प्रोसेस्ड चीज आणि पाकिटातल्या पदार्थांत घातलेला फॉस्फेट जवळपास सगळा रक्तात जातो. आधी तो बंद करा. पीठ गिरणीतून दळून आणा, मैद्याच्या चाळणीने चाळू नका. भाकरीत मीठ घालायचं नाही.

दुसरा आठवडा. रात्रीही एक भाकरी. दुपारच्या ताटात शंभर ग्रॅम भाजी : दोडका, पडवळ, कोबी, ढबू मिरची, घेवड्याच्या शेंगा, गवार.

तिसरा आठवडा. एका वेळी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य, म्हणजे साधारण दोन सपाट टेबलस्पून : मूग, मटकी किंवा मसूर. ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर)-कराडच्या हायवेवर मिळणारा अख्खा मसूर घरी करायचा असेल तर मसूर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, भरपूर ताज्या पाण्यात उकळा, तेही पाणी ओता आणि मग कांदा-लसणाची फोडणी द्या. लोणी, टोमॅटोची प्युरी आणि ढाब्याएवढं मीठ वजा.

चौथा आठवडा. एक फळ, सुमारे शंभर ग्रॅम : सफरचंद सालासकट, नाशपाती, पपई, किंवा हंगामात महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी. पेरूत फायबर भरपूर पण पोटॅशियमही आहे. पोटॅशियम ५ च्या खाली असेल तर अर्धा.

सावध : कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखे किंवा राजम्याचे दाणे अर्धवट शिजले तर त्यांतलं लेक्टिन नावाचं प्रथिन आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करतं आणि उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा, मग मऊ शिजवा. नुसत्या कोमट आचेवर तासभर ठेवणं पुरत नाही.

फायबर वाढवायला बाजारातला गव्हाचा कोंडा आणू नका. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही दाटलेलं असतं. इसबगोल हवंच असेल तर पोट मोकळं झाल्यावर, एक चहाचा चमचा, ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, आडवं व्हायच्या आधी. ते पाणी दिवसाच्या मापात धरायचं आणि औषधांपासून दोन तास लांब ठेवायचं. डॉक्टरांनी दिवसाला लिटरच्या आत पाणी सांगितलेल्यांनी इसबगोलच्या नादी लागू नये. कमी पाण्यात ते आतच घट्ट होतं.

आंबील चालते का, असा प्रश्न हमखास येतो. चालते, बिनमिठाची, अर्धी वाटी, आणि तीही पाण्याच्या मापात धरून. ती उकळली की ताकातले जिवंत जिवाणू मरतात, त्यामुळे फायदा मुख्यतः ज्वारीच्या पिठाचा. जिवंत जिवाणूंसाठी घरचं ताजं दही, दिवसाला शंभर ग्रॅमच्या आत.

उपवासाच्या दिवशी ही सगळी मांडणी कोसळते. साबुदाण्यात फायबर जवळजवळ नाही. त्यात बटाटा, दाण्याचं कूट, वर रताळं, केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे फायबर कमी आणि पोटॅशियम डोक्याएवढं. आषाढात पालखी लोणंद-फलटणला मुक्कामी असते तेव्हा घरोघर हेच ताट असतं. उपवास मोडायला मन होत नसेल तर वरईचा भात, काकडी आणि थोडं दही, एवढ्यावर भागवा. डायबेटिसची औषधं चालू असतील तर दिवसभराचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

५. पोटॅशियम खरंच जास्त असेल तर भाजीवर करायची प्रक्रिया

पोटॅशियम ५ च्या आत असेल तर ही पायरी सोडा. उगाच सगळ्या भाज्या उकळून त्यांची चव घालवू नका.

जास्त असेल तर क्रम असा. साल काढा, भाजी अर्ध्या बोटापेक्षा पातळ चिरा, वाहत्या पाण्यात धुवा. भाजीच्या पाचपट तरी पाणी उकळायला ठेवा. उकळी आल्यावर भाजी टाका, पाच-सात मिनिटं उकळू द्या, पाणी ओतून द्या. बटाट्यासारख्या कंदांना नवं पाणी घेऊन हेच दुसऱ्यांदा करा. पालेभाजी चिरून उकळा आणि घट्ट पिळा. मग फोडणी. फायबर बहुतेक भाजीतच राहतं.

चुका ठरलेल्या आहेत : आधी उकळून मग चिरणे, थोड्या पाण्यात कुकरला लावून तेच पाणी आमटीत वापरणे, आणि नुसती थंड पाण्यात भिजवून ठेवली की झालं असं समजणे. थंड पाण्याने फारसं काही निघत नाही. पालकाचं सूप, टोमॅटोचं सार, मटणाचा रस्सा यांत निघालेलं पोटॅशियम सगळं पातेल्यातच असतं.

शहाळं, "लो सोडियम" मीठ आणि गुळाचा चहा या तीन गोष्टी आरोग्याच्या नावाने घरात शिरतात. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते पेशंटच्या स्वयंपाकघरात नकोच. सैंधव मीठ म्हणजे शेवटी मीठच. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा, त्यातच लोणचं, पापड, खर्डा आणि भडंगही आलं. कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचं आंबट फळ, एक फोडही नको. किडनीच्या पेशंटमध्ये त्याचं विष थेट मेंदूवर जातं : न थांबणारी उचकी, भ्रम, झटके.

६. प्रथिनं : किती, आणि कधी

डायलिसिस सुरू नसेल तर साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, त्याहून कमी करायचं असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. डायलिसिस सुरू झालं की उलट : किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं तरी घरात जुनंच कडक पथ्य चालू असतं, अल्ब्युमिन घसरतं, पायावर सूज येते आणि ती किडनीची समजून जेवण आणखी कमी करतात.

६० किलोच्या, डायलिसिसवर नसलेल्या माणसाचं ताट मोजून बघा. तीन भाकऱ्या १८ ग्रॅम, डाळ ७, उसळ ७, पन्नास ग्रॅम तांदळाचा भात ४, दही ३, चहातलं दूध ३, एक अंडं ६. झाले ४८. जागा भरली. जत्रेच्या दिवशी याच्यावर पाव किलो मटण म्हणजे एका रात्रीत आणखी चाळीस-पन्नास ग्रॅम. एकदम आलेलं इतकं प्रथिन लहान आतड्यात पुरतं पचत नाही. उरलेलं खाली जिवाणूंच्या तावडीत जातं आणि त्याचंच पी-क्रेसॉल होतं. मटण खायचंच तर दोन-तीन फोडी, रस्सा न ओढता, त्या दिवशीचं अंडं आणि उसळ वजा करून, भाकरीबरोबर. आणि रात्री दहाला नको, दुपारी.

प्रोटीन पावडर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही.

७. डायलिसिसवर असणाऱ्यांसाठी

दोन डायलिसिसच्या मधे जितकं पाणी साठतं तितकं चार तासांत ओढावं लागतं. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने ओढलं की बीपी पडायचा धोका वाढतो. म्हणजे ५० किलोच्या पेशंटचं चार तासांत २.६ लिटर, त्याच्या वर नको. बीपी पडलं की शरीर सगळ्यात आधी आतड्याचं रक्त तोडतं, आणि ढिल्या अस्तरातून जिवाणूंची विषं रक्तात शिरतात. डायलिसिसनंतर थंडी वाजणं, पोटात मुरडा, दिवसभर गळून जाणं यामागे हेही एक कारण असू शकतं. थंडी-ताप मात्र कॅथेटरच्या (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीच्या) इन्फेक्शनचाही असतो, म्हणून तो त्याच दिवशी दाखवायचा.

पाण्याचं माप : आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक ५०० मिली. वरण, ताक, चहा, दही, बर्फ सगळं त्यातच. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा प्यायला की तेवढं बाटलीतून ओतून टाका. तहान मिठाने लागते, त्यामुळे मीठ न तोडता पाणी तोडता येत नाही.

बीपी पडायची सवय असेल तर डायलिसिसच्या आधी तासभर आणि सुरू असताना पोटभर जेवण नको. डब्यातली भाकरी संपल्यावर खा. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नंतर, हे युनिटमध्ये विचारून कागदावर लिहून घ्या.

पोटाच्या डायलिसिसवर असाल तर बद्धकोष्ठता आणखी महाग पडते : फुगलेलं आतडं कॅथेटर दाबतं, पाणी नीट बाहेर येत नाही आणि पोटातल्या पडद्याला इन्फेक्शनचा धोका वाढतो. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं की ती पिशवी घेऊनच दवाखाना गाठा.

८. जुलाब लागले तर

कृष्णा-वारणेला पूर आला की पाण्याचे नळ आणि विहिरी दोन्ही बिघडतात. पेशंटचं पाणी पावसाळाभर उकळूनच. खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी, डायबेटिसच्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, नाहीतर उरलीसुरली किडनी दोन दिवसांत बसते. कोणत्या थांबवायच्या ही यादी धडधाकट असतानाच करून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ओआरएसमध्ये पोटॅशियम असतं, तरी पाणी खूप जात असेल तर ते द्यावं लागतं. किती द्यायचं ते फोनवरच विचारा. टेट्रापॅकमधली गोड "ओआरएससारखी" पेयं त्याची जागा घेत नाहीत. त्या काळात फायबर आणि लॅक्टुलोज बंद. मऊ भात, थोडं ताक. शौच घट्ट व्हायला लागलं की पुन्हा पहिल्या आठवड्याच्या मापापासून सुरुवात.

९. कशावर पैसे घालवू नयेत

"लीकी गट" (म्हणजे गळकं आतडं) तपासतो म्हणून झोन्युलिन या प्रथिनाची टेस्ट करतात. तिच्या आकड्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. किडनीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूल महाग आहेत आणि पुरावा अजून कच्चा आहे. फायबर न देता नुसते जिवाणू पाठवले तर ते खाणार काय? मानेत कॅथेटर असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कोळशाच्या कॅप्सूलही नकोत. त्या इतर औषधंही शोषून घेतात. हळदीच्या मुलुखात हळदीवर बोलणं अवघड, पण भाजीतली हळद वेगळी आणि चमचा-चमचा पाण्यातून घेतलेली वेगळी. हळदीत ऑक्झलेट असतं आणि ते किडनीत साचतं.

१०. फेरतपासणी

फायबर वाढवायला लागल्यापासून दोन आठवड्यांनी पोटॅशियम, आणि चौथ्या आठवड्यानंतर पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट. पोटॅशियम वाढलं तर सगळं बंद करू नका. शेवटी वाढवलेली एकच गोष्ट मागे घ्या, पोट साफ होतंय ना ते वहीत बघा, औषधांत काही बदललं का ते आठवा, मग पुन्हा तपासा. बदल आठवड्याआठवड्याने करायला सांगितले ते याचसाठी. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती नडली ते कळत नाही.

दवाखान्यात जाताना फाइलबरोबर ती वही आणि औषधांची रिकामी पाकिटं न्या.

वाट न बघता जायचं ते या वेळी : डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच (लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते असं चिकट नसतं), शौचातून लाल रक्त, पोट फुगून वात सरणंही बंद आणि उलट्या, तापासोबत पोटदुखी, लघवी एकदम कमी होणं, आणि जुलाबानंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं.